वाहू किकर कोर: मोठ्या खंडानंतर सायकलिंग सुरू करताना

बरेच महिने सायकल बंद राहिली की परतताना घात करतात ते जुने आकडे. सराव थांबला की रक्तातला प्लाझ्मा पहिल्या काही दिवसांतच घटतो, म्हणून त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. सराव सुरू झाला की तो लवकर भरून येतो आणि दम परतल्यासारखा वाटतो. टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे तंतू) मात्र सावकाश तयार होतात. नेमक्या याच टप्प्यावर जड गिअर ओढला की गुडघे बोलायला लागतात. किकर कोर हा स्मार्ट ट्रेनर (घरात सायकल जागेवर चालवायचं, अ‍ॅपच्या सांगण्यावरून पेडल जड-हलकं करणारं यंत्र) आम्हाला या काळासाठी पटतो, कारण तो रायडरला आवरून धरतो.

मागचं चाक काढून सायकल थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) चढवायची. टायर घासत नाही, त्यामुळे आवाज कमी. पॉवरची अचूकता ±२ टक्के, फ्लायव्हील (पेडलला रस्त्यासारखी गती देणारं जड चाक) ५.४ किलोचं. कमाल १८०० वॅट आणि १६ टक्के चढाचा आभास यांच्याशी परतणाऱ्याला तूर्तास काही देणंघेणं नाही.

जोडणीत लोक अडकतात ते कॅसेटपाशी. ट्रेनरची कॅसेट सायकलच्या स्पीडइतकीच, म्हणजे मागे तितक्याच चकत्यांची हवी. ११ स्पीडच्या फ्रीहबवर (कॅसेट बसते तो भाग) ८ किंवा ९ स्पीडची कॅसेट बसवताना आधी १.८५ मिमीचा स्पेसर घालावा लागतो. तो विसरला तर कॅसेट आवळणारी लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट हातात खुळखुळते आणि गिअर आपोआप उड्या मारतात. स्पेसर बरोबर असूनही चेन कुरकुरत असेल, तर मागच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) केबल ताणणारा बॅरल अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा फिरवून पाहा. दहा-पंधरा मिनिटं चालवून ट्रेनर गरम झाला की अ‍ॅपमधून स्पिनडाउन (वेग वाढवून पेडल सोडायचं आणि फ्लायव्हील थांबेपर्यंत ट्रेनरला मोजू द्यायचं, असं कॅलिब्रेशन) करा. थंड ट्रेनरवर केलेलं कॅलिब्रेशन नंतर वॅट चुकवतं.

आता खरा उपयोग. अर्ग मोडमध्ये ट्रेनर ठरवलेले वॅट धरून ठेवतो. एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येईल अशी कमाल पॉवर, हाच थ्रेशोल्ड) ५६ ते ७५ टक्क्यांत, पूर्ण वाक्य बोलता येईल अशा जोरात, आठवड्यातून तीन-चार वेळा ३० ते ४५ मिनिटं, एवढ्यावर सुरुवात करा. जुना एफटीपी अ‍ॅपमधून पुसून टाका, नाहीतर 'हलका' व्यायामही थ्रेशोल्डला जाऊन भिडतो. नवी चाचणी दोन-तीन आठवड्यांनी घ्या. रॅम्प टेस्टमधल्या (वॅट टप्प्याटप्प्याने वाढवत पाय थांबेपर्यंत चालवायची चाचणी) सर्वोत्तम एका मिनिटाच्या पॉवरचे ७५ टक्के म्हणजे नवा एफटीपी. तोवर बोलता येतंय का, हीच मोजपट्टी पुरते.

प्रगती वॅटपेक्षा ठोक्यांवरून पाहा. वॅट स्थिर ठेवून तासभर चालवा. दुसऱ्या अर्ध्या तासात सरासरी ठोके पहिल्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त चढले, तर पाया अजून कच्चा आहे. मात्र समोर दमदार पंखा हवाच. घरात वारा लागत नाही, शरीर तापतं, ठोके चढतात आणि हा हिशेबच फसतो.

अर्ग मोडची एक खोड माहीत असू द्या. कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ढासळला की वॅट राखायला ट्रेनर पेडल आणखी जड करतो, त्यामुळे कॅडेन्स आणखी खाली येतो आणि शेवटी पाय अडकतात. थकलेल्या गुडघ्याला हा झटका नकोच. कॅडेन्स ८५ ते ९० राखा, आणि घसरू लागला तर जोर लावून भांडण्यापेक्षा व्यायाम थांबवून पुन्हा सुरू करा.

उणिवाही आहेत. सायकल जागची हलत नाही, त्यामुळे बैठक लवकर दुखते. दर दहा मिनिटांनी उभं राहून पेडल मारा. घाम हेडसेटच्या (हँडल फिरतं तो सांधा) बोल्टवर साचून गंज धरतो, म्हणून हँडलबारवर टॉवेल टाका. १८ किलोचं हे धूड रोज उचलून ठेवणं त्रासाचं आहे, कायमची जागा असेल तरच घ्या. आणि दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यातली एक राईड अर्ग बंद करून, गिअर स्वतः बदलत करा. रस्त्यावर वॅट धरून ठेवणारं कोणी नसतं.