दोन कॅनचा स्पिरिट स्टोव्ह : पावसानंतरपासून पुढच्या पावसापर्यंतचा अनुभव

ॲल्युमिनियमच्या दोन रिकाम्या कॅनपासून घरी केलेला, भटकंतीत न्यायचा हा स्टोव्ह. त्याचा बर्नर तासाभरात तयार होतो आणि कौतुकही सगळं त्यालाच मिळतं. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत गोव्यात सत्तरीच्या डोंगरात, काणकोणात आणि किनाऱ्यावर वापरल्यावर मात्र मत बनलं ते असं : पाणी किती मिनिटांत उकळणार हे बर्नर ठरवत नाही. ते ठरतं स्पिरिटवर, बर्नर आणि टोपाच्या मधल्या अंतरावर आणि वाऱ्याच्या आडोशावर. बर्नरला भोकं सोळा हवीत की चोवीस यावर घासाघीस करणाऱ्यांनी तोच वेळ टोप ठेवायची जाळी नीट कापण्यात घालवावा.

वजनाचा हिशेब आधी. बर्नर १२ ते १४ ग्रॅम, जाळीचा स्टँड पंचविसेक, आडोसा वीसेक. सगळं मिळून ६० ग्रॅमच्या आसपास. २३० ग्रॅम गॅसचा डबा भरलेला साधारण ३८० ग्रॅम भरतो, वर त्याचा बर्नर वेगळा. पण इथेच एक गोष्ट बरेच जण विसरतात. किलोमागे इथेनॉलमध्ये, म्हणजे स्पिरिटमधल्या अल्कोहोलमध्ये, सुमारे २७ मेगाज्यूल ऊर्जा असते, डब्यातल्या ब्यूटेन गॅसमध्ये ४५ च्या वर. म्हणजे जितकं जास्त शिजवाल तितका स्पिरिटचा फायदा आटत जातो. एकट्याला दोन-तीन रात्री, फार तर दोघांना दोन रात्री, इथवर हा स्टोव्ह हलका पडतो. चौघांचं जेवण करायचं असेल तर गॅस न्या, वाद नको.

कॅन दोन्ही ३३० मिलीचे, ६६ मिमी व्यासाचे जाडे घ्या. एनर्जी ड्रिंकचे किंवा हल्ली येणारे उंच सडपातळ कॅन नकोत. तळ अरुंद, त्यामुळे ज्योतीचं कडंही अरुंद आणि स्टोव्ह कलंडायला तयार. कडेला पोचा आलेला कॅन बाजूला टाका, तो पुढे कधीच नीट बसत नाही.

भोकं कापण्याआधीच पाडायची, कॅन अखंड असतो तेव्हा तो हातात दबत नाही. वरचा भाग ज्या कॅनचा होणार त्याच्या तळाला जे उभं कडं असतं, त्याच्या लगेच बाहेरच्या उतारावर गोल फिरून २० भोकं. टाचणीने पाडली की ०.७ मिमीच्या आसपास येतात आणि तेवढी पुरतात. ड्रॉइंग पिनने १ मिमीची होतात. मग ज्योत उंच आणि पिवळसर जाते, टोपाच्या बुडाखाली न राहता बाजूने वर चढते. आधी समोरासमोर चार, मग त्यांच्या मधल्या प्रत्येक जागेत चार-चार, असं पाडत गेलात तर अंतर सारखं ठेवणं सोपं जातं.

कापण्यासाठी कात्री नको. वह्यांची चळत ३५ मिमी उंचीची करा, वर कटरचं पातं आडवं दाबून धरा आणि कॅन पात्याला टेकवून सावकाश फिरवा. आरपार कापायचं नाही, नुसता चरा पाडायचा. सात-आठ फेऱ्यांनंतर अंगठ्याने चऱ्याजवळ दाबलं की पत्रा चऱ्यावरून सुटत जातो. खालची वाटी ३५ मिमी, वरची २५ मिमी. वरच्या वाटीचा मधला खोलगट घुमट कड्याच्या आतल्या बाजूने तसाच चरे पाडून काढून टाका. कडा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. हा पत्रा बोट सहज चिरतो.

आतली भिंत उरलेल्या पत्र्याची. पट्टी ४५ मिमी रुंद, १६० मिमी लांब. तिचं नळकांडं करून दोन्ही वाट्यांच्या तळातल्या गोल खाचेत बसवायचं. लांबी फूटपट्टीने न मोजता खाचेतच बसवून पाहा, खूण करा आणि तिथे दोन टोकांना अर्ध्यापर्यंत चिरा देऊन एकमेकांत अडकवा. खालच्या काठाला तीन ठिकाणी छोटे त्रिकोण कापा. त्यांतून स्पिरिट मधल्या विहिरीतून दोन भिंतींमधल्या पोकळीत जातं. तिथे ते तापून त्याची वाफ होते आणि वाफेला वाट फक्त भोकांची. नळकांडं उंचीला कमी झालं तर वाफ वरून मधे पळते आणि भोकं पेटतच नाहीत. उंच झालं तर वाट्या पूर्ण बसत नाहीत. म्हणून मिलिमीटरभर जास्त ठेवून घासत आणायचं.

जोडणीचा खरा त्रास एकच : दोन्ही वाट्यांचा व्यास सारखाच. तिसरा, न फोडलेला भरलेला कॅन खालच्या वाटीत तळाकडून दाबून गोल फिरवला की तिचं तोंड किंचित सैल होतं. मग वरची वाटी आत सरकवायची. सुरुवातीला ती एका जागी आत गेली की दुसऱ्या जागी बाहेर येते. कॅनच्याच पत्र्याचा पातळ तुकडा शूहॉर्नसारखा आत घालून फिरवत नेलं की बसते. मग फळीखाली धरून सरळ दाबा. तिरकी दाबली तर खालच्या वाटीची कड उभी चिरते आणि ती चीर पुढे वाढतच जाते. अशी वाटी टाकून नवी कापणं स्वस्त पडतं. सांधा घट्ट असेल तर काही लावायची गरज नाही. लावायचंच तर गॅरेजमध्ये गॅस्केटला वापरतात ते लाल सिलिकॉन, अगदी पातळ. साधं दोन नळ्यांचं इपॉक्सी उष्णतेने मऊ पडून सुटतं.

आता स्टँड. मधल्या विहिरीतून येणारी ज्योत आणि कडेची भोकं, दोन्हींना हवा लागते. बर्नरच्या वरच्या कडेपासून टोपाच्या बुडापर्यंत ३० मिमी अंतर इथे सर्वांत बरं ठरलं. २० वर आणलं की ज्योत गुदमरते, बुडाला काजळी धरते, डोळ्यांना झोंबणारा वास येतो. अर्धवट जळाल्याची ती खूण. ४५ च्या वर नेलं की उष्णता बाजूने निघून जाते. १२ मिमी चौकोनांच्या वेल्डेड जाळीचं ९० मिमी व्यासाचं नळकांडं, उंची ७५ मिमी : ४५ बर्नर आणि ३० मोकळी जागा. जस्ताचा मुलामा असलेली जाळी घेतली तर पहिले दोन-तीन जाळ अंगणात करा आणि धुरापासून लांब उभे राहा. स्टेनलेसची मिळाली तर तीच घ्या. खाऱ्या हवेत मुलामा उडालेली जाळी एका मोसमात तांबूस होते.

आडोशासाठी छापखान्यातली वापरून झालेली ऑफसेट प्लेट. ॲल्युमिनियमचा एवढा सरळ, लवचिक आणि स्वस्त पत्रा दुसरीकडे मिळणार नाही. शाई आधी धुऊन टाका. टोपाभोवती १५ मिमी फट राहील एवढा घेर, उंची टोपाच्या बुडाच्या दोन बोटं वर, आणि खालच्या बाजूला कागदाच्या पंचने दोन ओळी भोकं. फट कमी ठेवून आडोसा टोपाला चिकटवला तर सगळी उष्णता बर्नरवर परत येते, स्पिरिट खदखदू लागतं आणि ज्योत फूटभर उसळते. नवीन लोकांना वाटतं स्टोव्ह बिघडला. स्टोव्ह ठीक असतो, आडोसा आवळलेला असतो.

टोप रुंद हवा, १२-१३ सेंटीमीटर बुडाचा. मगमध्ये चहा करायला गेलात तर अर्धी ज्योत मगच्या बाहेर जळते. झाकण हवंच.

५०० मिली पाणी, साधारण २७ अंशांचं, झाकण ठेवून, आडोसा लावून : १८ ते २० मिली स्पिरिट आणि ७-८ मिनिटं. थंड देशांतले आकडे यापेक्षा मोठे दिसतात, कारण तिथलं पाणीच ५ अंशांपासून सुरू होतं. आपल्याकडे पाव हिश्श्याच्या आसपास काम आधीच झालेलं असतं. किनाऱ्यावर संध्याकाळच्या वाऱ्यात आडोसा न लावता ३५ मिली जाळलं तरी पाण्याला नुसते बुडबुडे येतात.

मंद आच नाही, ही मोठी उणीव. तिसऱ्या कॅनच्या तळाला २० मिमीचं भोक पाडून ते झाकण बर्नरवर ठेवलं की कडेची भोकं विझतात आणि मधली छोटी ज्योत राहते. उपमा किंवा सूप चालून जातं. उकड्या तांदळाची पेज विसरा, तेवढ्या वेळात पाव बाटली स्पिरिट संपेल. चालतील ते पातळ पोहे, नूडल्स, रव्याचं काहीही, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर घरून करून नेलेली. जेवणाची आखणी स्टोव्हप्रमाणे करावी लागते.

स्पिरिटबद्दल जरा जास्त लिहितो, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं. हार्डवेअरच्या दुकानात लाखेच्या पॉलिशसाठी मिळतं ते डिनेचर्ड स्पिरिट (पिण्याजोगं न ठेवलेलं अल्कोहोल) चालतं. थिनर अजिबात नाही. तो वेगळाच पदार्थ, काळा धूर आणि भडका. औषधाच्या दुकानातल्या बाटलीवर आयसोप्रोपिल लिहिलेलं असेल तर जळेल, पण पिवळं, आणि टोप काळाकुट्ट होईल. सॅनिटायझर नको : द्रव प्रकारात ग्लिसरीन असतं, ते चिकटून भोकं बुजवतं, आणि जेल तर आत वाहतच नाही. नवीन बाटली आणली की चमचाभर स्पिरिट उघड्यावर स्टीलच्या ताटलीत पेटवा. ज्योत निळी आणि शेवटी ताटली जवळजवळ कोरडी, तर माल चांगला. तळाशी पाणी उरलं तर तेवढ्या पाण्याला तापवण्यात तुमची उष्णता जाणार. पावसाळ्यात झाकण सैल राहिलेली बाटलीही हवेतलं पाणी ओढून घेते.

फेणीचं काय, हा प्रश्न गोव्यात चुकत नाही. काजू फेणीत अल्कोहोल ४२.८ टक्के, बाकी बहुतेक पाणी. गरम केली तर पेटते, थोडा वेळ निळी लवलवते आणि पाणी उरलं की विझते. हुर्राक, म्हणजे काजूचीच पहिल्या धारेची दारू, त्याहून सौम्य, तो तर पेटायचंही नाव घेत नाही. दोन्हींचा योग्य उपयोग सगळ्यांना ठाऊक आहे.

यातूनच एक गंभीर मुद्दा निघतो. गावात फेणी आणि हुर्राक सर्रास पाण्याच्या जुन्या बाटल्यांतून मिळतात, आणि रंगहीन स्पिरिट अगदी तसंच दिसतं. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं. त्याने दृष्टी जाते, जीवही जातो. स्पिरिट पाण्याच्या बाटलीत कधीच ठेवू नका. अरुंद तोंडाची, औषधाच्या आकाराची बाटली घ्या, तिच्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळा आणि खाण्याच्या सामानापासून वेगळ्या कप्प्यात ठेवा. एप्रिल-मे मध्ये उन्हात तापलेली बाटली फुगते, झाकण उघडताच फवारा उडतो. सावलीत, सावकाश उघडा.

पेटवणं गोव्यात सोपं आहे. इथेनॉल १३ ते १७ अंशांच्या वर असलं की त्याची वाफ लगेच पेट घेते आणि आपल्याकडे हवा जवळपास नेहमीच त्याहून गरम. विहिरीत स्पिरिट ओता, काडी लावा, अर्ध्या मिनिटात भोकांवर निळे दात दिसू लागतात, मग टोप ठेवा. पण दिवसा ही ज्योत दिसत नाही, आणि खरा धोका तिथेच. विझला असं समजून पेटत्या किंवा गरम स्टोव्हमध्ये पुन्हा ओतलं की आग धारेवरून बाटलीत शिरते आणि बाटली समोरच्यावर आग ओकते. आधी तळहात फूटभर वर धरून ऊब पाहा, वर स्टीलची वाटी उपडी घाला, पूर्ण गार होऊ द्या, मगच ओता. वाटी नेहमी हाताशी हवी, कारण या स्टोव्हला बंद करायची कळ नाही. बंद तंबूत तर अजिबात पेटवू नका. आग आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्हींसाठी.

मोसमाप्रमाणे वागणूक बदलते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसात जांभ्याचा ओला चिरा खालून उष्णता ओढतो आणि भोकं उशिरा पेटतात. खाली सुक्या लाकडाचा तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून ठेवला की फरक लगेच कळतो. कोरड्या वाळूवर उलटा प्रश्न, तिथे तो जास्त तापतो, म्हणून ३० मिलीच्या वर भरू नये. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या कासवांच्या किनाऱ्यांवर विणीच्या दिवसांत स्टोव्ह काढूच नका. मार्चनंतर डोंगरातही नाही. काजूच्या बागांतला सुका पाला आणि कलंडणारा, बंद न होणारा स्टोव्ह एकत्र नकोत. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेल्या आगी सगळ्यांनी पाहिल्या आहेत. अभयारण्यात तर कुठल्याच मोसमात नाही.

इतक्या महिन्यांत काय झिजलं? कॅनचा रंग पहिल्या जाळातच जळतो, त्याचं काही नाही. पाठपिशवीत दाबून सांधा सैल झाला की वाफ तिथून निसटते आणि कमरेभोवती ज्योतींचं कडं दिसतं. तो बर्नर संपला, दुरुस्तीच्या फंदात पडू नका. स्टोव्ह टोपातच ठेवून नेला तर हा प्रकार खूप उशिरा येतो. भोकं बुजली की टाचणी पुन्हा फिरवायची, पण जोर न लावता, नाहीतर भोक मोठं होतं. समुद्राजवळ वापरून ओला तसाच ठेवलेला बर्नर आतून पांढरट होतो आणि बारीक भोकं पडू लागतात. गोड्या पाण्याने धुऊन उपडा वाळवला तर टिकतो. आडोसा घडीवर फाटतो, म्हणून त्याची घडी न करता गुंडाळी करा.

ज्यांना महिन्यातून दोनदा जायचं आहे आणि हाताने काही करण्याची हौस नाही, त्यांनी पितळी बर्नर विकत घ्यावा. ट्रांगिया कंपनीचा शंभर ग्रॅमहून थोडा जड आहे, पण त्याला रबरी रिंगचं झाकण येतं, उरलेलं स्पिरिट त्यातच राहतं, आणि मंद आचेची तबकडीही मिळते. जाळी आणि आडोसा वर दिलेलेच. फक्त स्टँडची उंची त्या बर्नरप्रमाणे नव्याने मोजा, मधले ३० मिमी सोडू नका.