आद्य मंडळीवरील व्याख्यानमाला: उपयुक्त, पण जरा भाबडी

आद्य ख्रिस्ती मंडळीविषयीची ही ध्वनिमुद्रित व्याख्यानमाला आजच्या मंडळीतील वडील (मंडळीचे नेतृत्व करणारे ज्येष्ठ), सेवक आणि अभ्यासगट चालवणारे यांच्यासाठी आहे. तिचा सर्वांत भक्कम भाग म्हणजे दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याने इ. स. १५५ च्या सुमारास केलेल्या रविवारच्या उपासनेच्या वर्णनावरील व्याख्यान. शास्त्रवाचन, बोध, उभे राहून केलेली प्रार्थना आणि प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेणे) हा क्रम सांगून वक्ते थांबत नाहीत. गैरहजर असणाऱ्यांकडे सेवक भाकर नेऊन देत आणि ऐच्छिक दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परके यांची काळजी घेतली जाई, याकडे लक्ष वेधून आपल्या मंडळीच्या अंदाजपत्रकात या पाचांना किती जागा आहे, असा अवघड प्रश्न ते विचारतात.

आजच्या सीरियातील, युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपोस येथील, तिसऱ्या शतकात ख्रिस्ती सभेसाठी बदललेल्या घरावरील भाग मात्र घाईने उरकला आहे.

खरी उणीव अशी की, व्याख्यानमाला आरंभीच्या मंडळीला निष्कलंक मानते. ग्रीसमधील करिंथ येथे प्रभुभोजनाच्या वेळी कोणी उपाशी राही तर कोणी मद्यधुंद होई, हे बायबलच्या नव्या करारातच नोंदलेले आहे. यरुशलेमेत ग्रीक भाषक विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते अशी तक्रार आल्यावर त्या कामासाठी निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ते बहुधा तक्रार करणाऱ्यांच्याच गटातले होते. तक्रार ऐकून घेण्याची ही रीत आजच्या कार्यकारिणींना बरेच शिकवू शकेल (विशेषतः तक्रारीलाच बंडखोरी समजणाऱ्यांना), पण वक्ते ती एका वाक्यात उरकतात. म्हणून अभ्यासगटाने ही मालिका ऐकताना, ही घटना जिथे आहे तो नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय ६ सोबत वाचावा.