पार्सलच्या खोट्या मेसेजसमोर फोनचा स्पॅम फिल्टर कितपत टिकतो?

‘पत्ता अपूर्ण असल्याने तुमचं पार्सल थांबवलं आहे, 24 तासांत शुल्क भरा’ अशा मेसेजला अडवण्यासाठी फोनमध्ये आधीपासूनच सोय असते. अँड्रॉइडवर गूगल मेसेजेसचं स्पॅम प्रोटेक्शन, आयफोनवर अनोळखी मेसेज वेगळे काढणारा फिल्टर. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही चालू ठेवावेत. पण ते मेसेजपुरते आहेत. खरी चोरी पुढे, ओटीपी टाकताना होते आणि तिथे दोघेही हात टेकतात.

गूगल मेसेजेसमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टॅप करा, मेसेजेस सेटिंग्जमध्ये ‘प्रोटेक्शन अँड सेफ्टी’ उघडा आणि ‘स्पॅम प्रोटेक्शन’ चालू आहे ना ते बघा. पार्सल आणि नोकरीच्या नावाने येणारे मेसेज नेमके पकडता यावेत म्हणून गूगलने ऑक्टोबर 2024 मध्ये यात सुधारणा जाहीर केली. ही तपासणी फोनमध्येच होते. संशयित मेसेज ‘स्पॅम अँड ब्लॉक्ड’मध्ये जातो. कधीकधी खरा मेसेजही तिथे जाऊन पडतो, म्हणून पार्सल येणार असेल त्या दिवशी तो फोल्डर चाळावा. खोटा मेसेज नुसता डिलीट करू नका. संभाषण दाबून धरा, ब्लॉक करा आणि ‘रिपोर्ट स्पॅम’वर खूण ठेवा. डिलीट केल्याने फिल्टर काहीच शिकत नाही.

आयफोनचा फिल्टर आम्हाला थोडा कमी वाटतो. सेटिंग्जमधल्या मेसेजेसमध्ये ‘फिल्टर अननोन सेंडर्स’ (आयओएस 26 मध्ये ‘स्क्रीन अननोन सेंडर्स’) चालू केलं की कॉन्टॅक्टमध्ये नसलेल्यांचे मेसेज वेगळ्या यादीत जातात. पण पार्सल घेऊन येणारा माणूसही तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये नसतो! खरा आणि खोटा मेसेज मग एकाच यादीत शेजारी बसतात. एक गोष्ट मात्र उत्तम आहे. अनोळखी आयमेसेजमधली (अॅपलच्या स्वतःच्या मेसेज सेवेतून आलेल्या मेसेजमधली) लिंक तुम्ही उत्तर देईपर्यंत किंवा नंबर सेव्ह करेपर्यंत टॅप होत नाही. भामट्यांना हे ठाऊक आहे, म्हणूनच मेसेजच्या शेवटी ते लिहितात: ‘वाय लिहून पाठवा, मेसेज बंद करून पुन्हा उघडा, किंवा लिंक कॉपी करून सफारीत टाका.’ कुठल्याही खऱ्या कुरिअरला असं सांगावं लागत नाही. हे वाक्य दिसलं की पुढचं काही तपासायची गरजच नाही, ‘रिपोर्ट जंक’ दाबा.

दोघांचीही कमजोर बाजू म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव. एसएमएसमध्ये नंबरऐवजी नाव टाकता येतं आणि फोन नावावरून मेसेज एकत्र लावतो. त्यामुळे कुरिअरच्या नावाने पाठवलेला खोटा मेसेज बरोबर खऱ्या मेसेजच्या खालीच येऊन बसू शकतो. जुन्या मेसेजच्या रांगेत आला म्हणून तो खरा, असं धरून चालू नका. काही टोळ्या गाडीत ठेवलेल्या नकली टॉवरवरून फोनला जुन्या 2जी नेटवर्कवर ढकलतात. 2जीमध्ये फोनला टॉवरची ओळख तपासता येत नाही आणि असा मेसेज मोबाइल कंपनीच्या फिल्टरमधून जातच नाही. अँड्रॉइड 12 नंतरच्या बऱ्याच फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये ‘अलाउ 2जी’ असतं, ते बंद करता येतं. जिथे 2जीशिवाय रेंजच नाही, तिथे मात्र ते चालू ठेवावं लागेल.

लिंक वाचताना पहिल्या एकेरी तिरप्या रेषेपर्यंत जा आणि तिथून उलट, मागे वाचा. ‘कुरिअर डॉट कॉम-ट्रॅक डॉट टॉप’ असा पत्ता असेल तर सुरुवातीचा ‘कुरिअर’ नुसता देखावा आहे, खरी साइट ‘कॉम-ट्रॅक डॉट टॉप’ आहे. कुलपाचं चिन्ह आणि एचटीटीपीएस कोणालाही फुकट मिळतं. असली पानं बऱ्याचदा फक्त मोबाइलवर उघडतात, कॉम्प्युटरवर रिकामी दिसतात. म्हणून ‘कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं, काही नव्हतं’ याला अर्थ नाही.

आता मुख्य मुद्दा. शुल्क अगदी किरकोळ ठेवतात, कारण त्यांना तुमचं कार्ड हवं असतं. तुम्ही कार्ड नंबर टाकत असताना काही पानं प्रत्येक आकडा भामट्याकडे लगेच पाठवतात, ‘सबमिट’ न दाबताही. तिकडे तोच नंबर भामट्याच्या फोनमधल्या वॉलेटमध्ये (कार्ड साठवून फोननेच पैसे देणाऱ्या अॅपमध्ये) घातला जातो आणि त्यासाठीचा ओटीपी तुमच्याकडे येतो. पान म्हणतं ‘शुल्काची खात्री करा’, बँकेच्या मेसेजमध्ये मात्र कार्ड वॉलेटला जोडण्याबद्दल लिहिलेलं असतं. घाईत माणूस फक्त सहा आकडे बघतो. पूर्ण मेसेज वाचा. ओटीपी कशासाठी आहे ते त्यातच असतं. तो एकदा दिला की त्या फोनवरून खरेदी करताना दरवेळी ओटीपी लागेलच असं नाही.

या टप्प्यावर फिल्टरपेक्षा पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड साठवून आपोआप भरणारं अॅप) जास्त कामाचा, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो नेमका वेबपत्ता जुळवतो, नक्कल साइटवर लॉगिन आपोआप भरत नाही. भरलं गेलं नाही तर हाताने टाइप करू नका.

लिंकने ‘ट्रॅकिंग अॅप’ उतरवायला सांगितलं तर धोका आणखी मोठा. फ्लूबॉट हा अँड्रॉइडवरचा व्हायरस असाच पसरला होता. तो अॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीन वाचायची आणि फोन चालवायची, परवानगी मागायचा आणि तुमचे कॉन्टॅक्ट उचलून त्यांनाही असे मेसेज जातील असं करायचा. त्याची यंत्रणा बंद पाडल्याचं युरोपोलने 1 जून 2022 रोजी जाहीर केलं, पण पद्धत तीच राहिली आहे. असं अॅप चुकून घेतलं असेल तर आधी एअरप्लेन मोड लावा, सेफ मोडमध्ये (यात बाहेरून घेतलेली अॅप्स बंद राहतात) जाऊन अॅप काढा. निघत नसेल तर फॅक्टरी रिसेट. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.

कार्डची माहिती गेली असेल तर बँकेच्या अॅपमधून कार्ड लगेच लॉक करा. मग अधिकृत नंबरवर फोन करून थेट विचारा: ‘हे कार्ड कुठल्या वॉलेटला जोडलंय का? असेल तर काढा आणि नवा नंबर द्या.’ वॉलेटबद्दल वेगळं विचारायलाच हवं. कार्ड बदललं तरी काही वेळा वॉलेटची जोडणी नव्या कार्डावर तशीच पुढे चालते.