प्रवाळभित्तींसाठी पैसा: लहान अनुदान की मिश्र निधी?

जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम 1992 पासून चालू आहे. रक्कम साधारणपणे 50,000 डॉलरच्या आत, ती थेट स्थानिक संस्थेला मिळते आणि निवड देशपातळीवरची समिती करते. 2020 मध्ये सुरू झालेला जागतिक प्रवाळभित्ती निधी वेगळ्या जातीचा. तिथे अनुदानासोबत खासगी गुंतवणूकही येते, त्यामुळे प्रस्तावात कमाईचा मार्ग दाखवावा लागतो: सागरी उद्यानाचं प्रवेशशुल्क, सांडपाणी प्रक्रिया, शाश्वत मासेमारी.

निव्वळ समुद्रात प्रवाळांची रोपवाटिका उभारून त्यांच्या फांद्यांचे तुकडे लावायचे असतील तर दुसऱ्या दारी जाऊ नका. तुकडे लावण्यातून महसूल येत नाही.

पहिल्या पर्यायात अर्ज बहुधा अंदाजपत्रकावर अडखळतो. रोपवाटिकेच्या दोऱ्या आणि चौकटी स्वस्त पडतात. खरा खर्च बोटीचं इंधन, बुडी मारणाऱ्यांचे तास आणि रोपवाटिकेवरचं शेवाळ वारंवार खरवडणं यांचा. देखरेखीचा पैसा लावणी संपताच आटला, तर किती तुकडे जगले हे कोणालाच सांगता येत नाही. अर्जदार संस्थेचा स्वतःचा वाटा श्रम किंवा बोटीच्या रूपात दाखवता येतो, पण त्याची नोंदवही ठेवा.

दोन्हीकडे उष्णतेची अट स्वतःहून लिहावी: साचलेला ताण 4 अंश-आठवड्यांवर (पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा किती अंशांनी आणि किती आठवडे जास्त तापलं, याचा एकत्र हिशेब) गेला की लावणी थांबेल. 8 च्या पुढे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मरू शकतात, आणि मग ‘10,000 तुकडे लावू’ हे वचन गळ्याशी येतं.