कुलर बंद, पण भाच्याचं कार्ड चालू: आमच्या तालुक्यातलं एक वाचनालय

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड का कापले ते पुढे येईलच. वाचनालयाचं नाव देत नाही, कारण तक्रार वाचून संचालक मंडळ हलणार नाही आणि बोलणी ग्रंथपाल ताईंना बसतील. अमळनेर तालुक्यातलं आहे, एवढं पुरे.

माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. भाचा दहावीला, शिकायला आमच्याकडेच असतो. मे महिन्यात दिवसभर दुकानात फोनमध्ये डोकं घालून बसायचा, म्हणून ओढतच वाचनालयात नेला. अनामत २००, महिन्याचे २०. वीस रुपयांत माझ्याकडे साधा स्क्रीनगार्डही बसत नाही.

फॉर्मवर ‘आवडते वाचन’ म्हणून रकाना होता. कथा, कादंबरी, चरित्र, धार्मिक, स्पर्धा परीक्षा, इतर. पठ्ठ्यानं कुठेच टिक केली नाही. खाली पेनानं लिहिलं, ‘मी वाचक नाही.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई मात्र हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “बरं. काल झोपायच्या आधी काय बघत होतास?”

जपानी कॉमिक्स. फोनवर, इंग्रजीतून. किती भाग झाले? दोनशेच्या वर. त्याआधी? आयपीएलचा नेट रनरेट कसा काढतात ते. दुकानातलं मी सांगितलं: फोनच्या बोर्डाचा डायग्राम उघडून चार्जिंग पिनपासून आयसीपर्यंतची लाइन हा माझ्याआधी शोधतो. ताईंनी सगळं ‘इतर’पुढे लिहिलं. जागा संपली तेव्हा फॉर्म उलटा करून मागे लिहिलं.

घरी येताना विचारलं, “तू वाचक नाहीस हे तुला कोणी सांगितलं रे?” तर म्हणे, “कोणी नाही मामा. वाचन प्रेरणा दिनाला सरांनी विचारलं, पुस्तकं कोण कोण वाचतं? मी हात वर केला नाही.” १५ ऑक्टोबर, कलामसाहेबांचा वाढदिवस, म्हणजे सात महिने हे पोरगं त्याच हिशोबात चाललं होतं. सरांना काय बोलू? ‘मोबाईल ठेव आणि काहीतरी वाच’ हे मी स्वतः दिवसातून दहादा म्हणतो. घरात फक्त माझी आई, जिला अक्षर येत नाही, ती त्याला विचारते, “काय वाची ऱ्हायना रे भाऊ?”

इथली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे टेबलावरची दोनशे पानी वही. शाळेतल्या मुलांनी आठवड्यात जे वाचलं ते तिच्यात लिहायचं, काहीही चालतं. मी मागची पानं चाळली. एकानं लिहिलंय, ‘कपाशीच्या फवारणीच्या औषधाचं माहितीपत्रक, पप्पांना वाचून दाखवलं.’ एका मुलीचं, ‘इन्स्टावरच्या कविता, पण ते वाचन नाही.’ त्याखाली ताईंची पेन्सिल: ‘का नाही?’ साने गुरुजी अमळनेरला छात्रालयातल्या मुलांसाठी हातानं दैनिक लिहून काढायचे. त्या तालुक्याला ही वही शोभते.

आता कापलेले मार्क. किशोरांसाठी एकच कपाट, त्यातही निम्मी ‘थोरांच्या बोधकथा’ छापाची. कॉमिक्स मोजून अकरा, दोघांची शेवटची पानं गायब. बाकी भिंतीच्या भिंती स्पर्धा परीक्षेच्या. आणि रविवारी बंद! पोरांना मोकळा वार तोच. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड दर्जे मिळतात, त्यावर अनुदान ठरतं. त्यासाठी पुस्तकं मोजतात, सभासद मोजतात. ती वही कोण मोजणार?

भाच्यानं महिनाभरात तीन पुस्तकं आणली. एक पूर्ण वाचलं, एक मध्येच सोडलं आणि वहीत तसं लिहिलं, ‘पान ४०ला कंटाळा आला.’ तिसरं वायरमनच्या कोर्सचं आहे, ते परत द्यायला तयार नाही.

राहिला कुलर. बाहेर ४४ डिग्री आणि आत नुसता पंखा. भाच्यानं मागची जाळी काढून बघितलं, कंडेन्सर गेलाय. पाच मिनिटांचं काम, कंडेन्सर मी फुकट देतो म्हणालो. ताई म्हणाल्या, मंडळाचा ठराव झाल्याशिवाय हात लावता येत नाही. बैठक जूनच्या शेवटी आहे.