लॅब स्कॅनर आणि मिलिंग मशीन: दहा महिन्यांनंतर

पाडव्याला मशीनला हार घातला, आता संक्रांतही होऊन गेली. आमची दातांच्या कॅपा आणि ब्रिज बनवणारी लॅब सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. चार टेक्निशियन आणि मी. आधी झिरकोनियाची, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या कडक सिरॅमिकची, कामं बाहेरच्या मिलिंग सेंटरला द्यायचो. दोन दिवस जायचे, रिपीट आलं की आणखी दोन. शेवटी टेबलावरचा स्कॅनर, डिझाइनचं सॉफ्टवेअर, पाच अक्षांचं ड्राय मिलिंग मशीन आणि भट्टी असा सगळा संसार घेतला. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. लिहितोय ते बहुतेक कुठल्याही संचाला लागू पडेल.

काम झटपट होईल म्हणून घेणार असाल तर जरा थांबा. दातांचं प्लास्टरचं मॉडेल काही मिनिटांत स्कॅन होतं, एक कॅप अर्ध्या तासाच्या आत कापून होते, हे खरं. पण पुढे भट्टी आहेच. साधारण १५०० अंशांपर्यंत चढायचं, तिथे थांबायचं, सावकाश उतरायचं. आमची सायकल आठ-नऊ तासांची. म्हणजे रात्र जाणारच.

स्कॅनरने पहिला महिना रडवलं. डायच्या, म्हणजे मॉडेलमधल्या घासलेल्या दाताच्या, पृष्ठभागावर स्क्रीनवर बारीक लाटा दिसायच्या. इंजिनियर दोनदा येऊन कॅलिब्रेशन करून गेला, तरी तेच. मग आमच्या पोऱ्याच्या लक्षात आलं की सँडब्लास्टरचा कॉम्प्रेसर त्याच ओट्याखाली आहे, तो सुरू झाला की ओटा थरथरतो. स्कॅनर पलीकडच्या भिंतीला हलवला आणि लाटा गेल्या. चकचकीत किंवा ओलसर मॉडेल मात्र अजूनही नीट येत नाही. पावसाळ्यात प्लास्टर वाळायला वेळ लागतो, तो द्यावाच लागतो. नाहीतर स्प्रे मारायचा आणि त्याचा थर जाड झाला की मापात फरक.

मिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात महाग पडलेली चूक आमचीच होती. झिरकोनिया सिंटरिंगमध्ये, म्हणजे भट्टीत भाजताना, आकसतो, म्हणून कापताना काम मोठं कापतात. किती मोठं, तो आकडा झिरकोनियाच्या प्रत्येक डिस्कवर (जिच्यातून काम कापतात ती चकती) छापलेला असतो आणि लॉटप्रमाणे बदलतो. नवीन डिस्क लावली, आकडा जुनाच राहिला: १.२५ च्या जागी १.२३. ऐकायला काय, दोन शतांश! पण काम जवळजवळ १.६ टक्के लहान निघालं. दहा मिलिमीटरच्या दाढेला १६० मायक्रॉन, आणि आम्ही सिमेंटसाठी जागा ठेवतो ५० मायक्रॉन. कॅपा डायवर बसेनात. त्याच डिस्कमध्ये चार युनिटचा एक ब्रिज होता, तो अर्धा मिलिमीटर आखूड. त्याचं तर बोलायलाच नको. आता डिस्क बदलणारा एक आणि आकडा वाचून दाखवणारा दुसरा.

पण या खरेदीत पैसे कशाचे वसूल झाले म्हणाल, तर स्क्रीनशॉटचे. कॅप बसली नाही की पूर्वी डॉक्टरांचा फोन ठरलेला: "अहो, तुमच्याकडेच काहीतरी गडबड झालीये." भिंगाखाली मार्जिन, म्हणजे घासलेला भाग जिथे संपतो ती कडा, आम्हाला दिसायचं, डॉक्टरांना ते फोनवर कसं दाखवणार? मान खाली घालून रिपीट करायचो. आता मार्जिनची रेघ मारताना जिथे कडा हिरडीखाली गायब झालेली असते, तिथे डाय मोठा करून चित्र व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि विचारतो, "सर, इथे रेघ कुठून घेऊ?" पहिल्या दोन-तीन वेळा एकदोघांना राग आला. एकांनी तर महिनाभर कामच पाठवलं नाही. बाकीच्यांनी हिरडी बाजूला सारणारी कॉर्ड (दोरा) घालून पुन्हा इम्प्रेशन, म्हणजे दातांचा ठसा, दिलं.

तसंच खालच्या पुढच्या दातांचं. प्रेपची, म्हणजे घासलेल्या दाताची, वरची कड सुरीसारखी धारदार असली तर मशीनचा बर (कापणारं टोक) कॅपच्या आतल्या त्या कोपऱ्यात शिरत नाही. मग सॉफ्टवेअर बरच्या जाडीपुरतं आतून जास्त कोरतं आणि कॅप तिथेच पातळ पडते. हे तोंडी सांगून कुणाला पटलं नव्हतं. आडवा छेद घेऊन जाडी ०.३ मिलिमीटर दाखवली, की "कड गोल करतो" असं उत्तर येतं. परवा औंधच्या मॅडमचा फोन: "तोंडातला स्कॅन पाठवलाय, लगेच बघा, पेशंट अजून खुर्चीतच आहे." दहा महिन्यांत ऐकलेलं सगळ्यात गोड वाक्य.

गणपतीत या तोंडातल्या स्कॅनच्या फाइलींनी आणखी एक उपकार केला. पेठेतले रस्ते बंद, इम्प्रेशनचे डबे आणणारा पोरगा अलका चौकात अडकलेला, आणि इकडे तीन केस मेलवर येऊन पडलेल्या.

तक्रारी आहेतच. सॉफ्टवेअरचं लायसन्स एका डोंगलवर (संगणकाला लावायच्या किल्लीवर), त्यामुळे एक जण डिझाइन करतो तेव्हा दुसरा वाट बघत बसतो. बरचा खर्च विक्रेत्याने सांगितला त्यापेक्षा बराच जास्त निघाला. बोथट बरने कापलेल्या मार्जिनचे टवके उडतात, म्हणून ताणून वापरता येत नाही. सक्शनची पिशवी वेळेवर रिकामी केली नाही तर पांढरी भुकटी घरापर्यंत येते, बायको ओरडते. यूपीएस मशीनला घेतला होता, भट्टीला नाही. एका गुरुवारी दुपारी वीज गेली आणि अकरा युनिट भट्टीत अर्धवट राहिली.

कास्टिंग मशीन विकलेलं नाही. मेटल-सिरॅमिकची कामं अजून येतात, आणि पुढच्या दातांचं सिरॅमिक आमचे काका अजून ब्रशनेच चढवतात. डिझाइन शिका म्हटलं तर म्हणतात, आधी तुमचा तो डोंगल मोकळा होऊ दे.