बिब्लिओकॉमन्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

सिएटल, शिकागो, बॉस्टन, व्हँकुव्हर, सॅन होजे इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांचा ऑनलाइन कॅटलॉग बिब्लिओकॉमन्स या कॅनडातल्या कंपनीच्या प्रणालीवर चालतो. पुस्तक शोधून होल्ड लावायचं (म्हणजे आपल्यासाठी राखून ठेवायला सांगायचं), त्याच पानावर तारे द्यायचे, अभिप्राय लिहायचा, याद्या करायच्या, दुसऱ्या वाचकाला फॉलो करायचं. काही महिने वापरल्यावर मत असं झालं आहे की गप्पा मारायला इथे येऊ नये, याद्यांसाठी जरूर यावं.

कार्ड नंबर आणि पिन टाकून पहिल्यांदा आत गेलात की टोपणनाव निवडायचं असतं. खरं नाव अजिबात देऊ नका. सभासद एका शहराचे असलात तरी तुमचा अभिप्राय ही प्रणाली वापरणाऱ्या सगळ्या ग्रंथालयांत दिसतो. व्हँकुव्हरमध्ये लिहिलेलं शिकागोचा वाचक वाचतो. या सोयीमुळेच तर गाजलेल्या कादंबरीखाली अभिप्रायांची रांग लागते. तीच गोष्ट गोपनीयतेच्या दृष्टीने मात्र डोकेदुखी ठरू शकते.

पुस्तकं ठेवायला तीन शेल्फ मिळतात: वाचून झालेली, सध्या वाचत असलेली आणि नंतरसाठी. आजार, घटस्फोट, कर्ज अशा विषयांवरची पुस्तकं शेल्फवर टाकण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन प्रत्येक शेल्फ खासगी आहे की सार्वजनिक, ते बघून घ्या. सेटिंग बदललंत तरी आधी टाकलेली पुस्तकं एकदा डोळ्याखालून घालाच. घरी नेलेल्या पुस्तकांचा इतिहास ही वेगळी भानगड आहे. तो फक्त तुम्हालाच दिसतो आणि तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय साठवला जात नाही. चालू केल्यानंतरचंच त्यात येतं, मागचं सापडत नाही. हा नियम मला पटतो. कोण काय वाचतं याची नोंद ग्रंथालयाने विचारल्याशिवाय ठेवू नयेच.

तारे अर्ध्या-अर्ध्याने देता येतात, पण त्यांचा फारसा उपयोग नाही. बहुतेक पुस्तकांचा आकडा साडेतीन-चारच्या आसपास घोटाळतो. अभिप्राय लिहिताना कथानक फोडत असाल तर तशी खूण करायची सोय आहे, ती वापरा. मुलांच्या पुस्तकांवर वयोगट आणि ‘भीतिदायक प्रसंग’, ‘शिवराळ भाषा’ अशा सूचना वाचक टाकतात. पालकांना मला वाटतं हाच भाग सगळ्यात कामाचा.

खरी गंमत याद्यांत आहे. यादीतल्या प्रत्येक पुस्तकाखाली दोन ओळींची टीप लिहिता येते. ‘हे आधी वाचा, ते नंतर’, ‘पहिली पन्नास पानं संथ आहेत’ अशी टीप असली की यादी जिवंत होते. नुसत्या नावांची यादी कुणी उघडतही नाही. ग्रंथपालांच्या याद्या आवर्जून बघा. दुसऱ्या शहरातल्या यादीतलं सगळं आपल्याकडे असेलच असं नाही. जे नसेल ते खरेदीसाठी सुचवण्याचा अर्ज बऱ्याच ग्रंथालयांत असतो.

मराठी पुस्तकांचं घोडं मात्र शोधातच अडतं. अमेरिकेत पुस्तकांच्या कॅटलॉगमधल्या नोंदी लायब्ररी ऑफ काँग्रेस या तिथल्या मोठ्या सरकारी ग्रंथालयाच्या रोमन लिप्यंतरानुसार होतात. त्यात ‘च’साठी नुसता सी असतो, सीएच म्हणजे ‘छ’. ‘ज्ञ’ची सुरुवात जे आणि एनने होते. आपण सवयीने डी-एन-वाय टाइप करतो आणि हाती भोपळा येतो. ज्ञानेश्वरांची नोंद तर ‘ज्ञानदेव’ नावाखाली असते. देवनागरीत शोधायचं, तर नोंदीत देवनागरी मजकूर आधीच भरलेला असावा लागतो. जुन्या नोंदींत तो अनेकदा नसतो. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचा 978-81 किंवा 978-93 ने सुरू होणारा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, टाकणे. नाहीतर भाषेच्या फिल्टरमध्ये मराठी निवडून लेखकाचं आडनाव दोन-तीन स्पेलिंगनी बघणे. सापडलं की लगेच मराठी पुस्तकांच्या सार्वजनिक यादीत टाका आणि टिपेत नाव देवनागरीत लिहा. पुढच्या माणसाचा अर्धा तास वाचतो. एकाच पुस्तकाच्या दोन तोकड्या नोंदी असल्या तर अभिप्रायही दोन ठिकाणी विखुरतात. अशी जोडी दिसली की ग्रंथपालांना कळवा.

आणखी एक. आपलं लिखाण फक्त इथेच ठेवू नका. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने 2023 मध्ये बिब्लिओकॉमन्स सोडून वेगा ही दुसरी प्रणाली घेतली. अशा बदलात वाचकांचे शेल्फ आणि याद्या जशाच्या तशा नव्या घरी येतील, हे गृहीत धरू नये. स्प्रेडशीटमध्ये नाव, लेखक, आयएसबीएन आणि टीप असे चार रकाने पुरतात.

आपल्याकडच्या ग्रंथालयांना एवढी महागडी प्रणाली कशाला हवी? कोहा ही ग्रंथालयांसाठीची संगणक प्रणाली फुकट आहे आणि तिच्यात अभिप्राय, तारे, टॅग (वाचकांनी पुस्तकाला जोडलेले शब्द), सार्वजनिक याद्या सगळं आहे. सिस्टिम प्रेफरन्सेस या तिच्या सेटिंग्जच्या पानावर प्रत्येकाचा वेगळा स्विच असतो. सुरुवातीला याद्या आणि अभिप्राय एवढेच चालू करा, टॅग बंदच राहू द्या. कोहात वाचकाचा अभिप्राय कर्मचाऱ्याने मंजूर केल्याशिवाय इतरांना दिसत नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा मंजुरीची रांग उपसायचं काम कुणाच्या तरी नावावर लिहूनच द्यावं लागतं, नाहीतर लोक एकदा लिहितात आणि पुन्हा फिरकत नाहीत.